वर्दी, रांग आणि सुक्या बांगड्यांची पिशवी

साताऱ्याकडं लग्नाला गेले की पंगत बसायच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो. ‘‘तू विमानतळावर असतीस न्हवं? मग सांग, वर्दीतला जवान विमानात चढला की लोक खरंच उठून टाळ्या वाजवत्यात का गं?’’ विचारणाऱ्याने मोबाइलवर तसला व्हिडिओ पाहिलेला असतो, आणि त्याच्या घरातलं कुणीतरी फौजेत असतंच. आमचं गाव अपशिंग्याच्या पलीकडचं. ज्या गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण परतले नाहीत आणि ज्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलंय, ते अपशिंगे. अशा मुलखात हा प्रश्न गंमत म्हणून कुणी विचारत नाही. पंगतीत मी ‘‘हो, वाजवतात कधीकधी’’ म्हणून सुटका करून घेते. पण इथे आता नीट सांगते.

टाळ्या वाजतात. गोव्यात एकोणीस वर्षं विमानतळाचं चेक-इन काउंटर आणि बोर्डिंग गेट सांभाळलं, त्यात दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या वेळा मी त्या ऐकल्या. मुळात वर्दीतला माणूस विमानात दिसतोच किती? सुट्टीवर निघालेला जवान साध्या कपड्यांत असतो. सुरक्षितता हे एक कारण. दुसरं कारण आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणीच सांगितलं होतं: ‘‘वर्दी घातली की माणूस ड्यूटीवर. मग वडापाव खाताना पण ताठ उभं राहावं लागतं.’’ आण्णा नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि वास्कोतच राहिले. गावी जाताना गोवा एक्सप्रेसमध्ये चढले की लोंढा यायच्या आत पायजम्यात. मिरज, सातारा, सगळं पायजम्यात. मासळी बाजारातही वर्दीत जायचे नाहीत, कारण वेगळं. पाटीवरची बाई म्हणायची, ‘‘तुमचो पगार बरो न्हय?’’ आणि विसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव तिथल्या तिथे चढायचा.

तरी काउंटरवर मला ते ओळखू येतात. केस सोडा, केस हल्ली कॉलेजातली पोरंही तसेच कापतात. मी बूट बघते. अंगात टी-शर्ट आणि पायात चकचकीत काळे बूट, कारण पिशवीत टाकले तर वजन वाढतं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर. फ्लाइट चारची, माणूस एकला हजर. ‘सैनिक सवलतीचं तिकीट आहे, ओळखपत्र दाखवा’ म्हटलं की कार्ड पाकिटातून अर्धंच बाहेर काढतो, मी वाचेपर्यंत हातातून सोडत नाही. आम्ही ते कार्ड मागूनही घेत नाही, फोटो तर नाहीच. नव्या मुलींना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवते.

या माणसासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. रांगेत त्याचा मोठा पिट्ठू मागच्याच्या पायाला लागला तर ‘‘जरा बघून हो’’ ऐकून घेतो. पुढे सीआयएसएफच्या तपासणीत हात पसरून उभा राहतो. तिथे तर वर्दी असली तरी सुटका नाही. तपासणीतून सूट मिळणाऱ्यांच्या यादीत तिन्ही दलांचे प्रमुख आहेत, नाईक आणि हवालदार नाहीत. पट्टा काढा, बूट काढा. एका वर्दीने दुसऱ्या वर्दीचे खिसे चाचपायचे, आणि दोघांनीही चेहरा कोरा ठेवायचा. विमानतळावरचं मला सगळ्यात आवडणारं दृश्य तेच. कुणी कुणावर उपकार करत नसतं.

आता गोव्याची गोष्ट वेगळी का, ते सांगते. दाबोळीचा विमानतळ नौदलाचा आहे, आयएनएस हंसा नावाचा तळ. पोर्तुगीजांनी पन्नासच्या दशकात बांधला, १९६१ च्या डिसेंबरात आपल्या हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले, आणि मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला. आपण प्रवासी तिथे एका कडेला भाडेकरू. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत सकाळचे काही तास धावपट्टी नौदलाच्या सरावाला राखीव, त्यामुळे नागरी विमानं दुपारी एकदम दाटीवाटीने येतात. कुठे एक अडकलं की मागची सगळी अडकतात, आणि शिव्या खायला गेटवर आम्ही.

३ जानेवारी २०१८ ला नौदलाचं एक मिग-२९ के धावपट्टीवरून घसरलं आणि पेटलं. प्रशिक्षणार्थी वैमानिक वाचला. विमानतळ काही तास बंद. नववर्षाची गर्दी परतीला लागलेली, लाउंजमध्ये पाय ठेवायला जागा नाही. त्या दिवशी मी नौदलाबद्दल जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. ‘या लोकांना दुसरीकडे कुठे विमानं उडवता येत नाहीत का’ हे त्यातलं सगळ्यात सभ्य. एक गृहस्थ माझ्या काउंटरवर हात आपटत होते. पोरगा जिवंत आहे का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. उड्डाणं सुरू झाली, तेच गृहस्थ रांगेत लागले, आणि पुढे एक वर्दीतला खलाशी दिसताच बाजूला सरकून म्हणाले, ‘‘प्लीज सर, आप पहले.’’ ढोंगी नव्हते हो ते. त्यांच्या डोक्यात नौदल वेगळं होतं आणि तो खलाशी वेगळा.

वास्कोकराच्या डोक्यात ते दोन्ही एकच आहेत, म्हणून तो टाळ्याही वाजवत नाही आणि हातही आपटत नाही. कुरकुर करतो. जमिनी नौदलाकडे, धावपट्टी नौदलाकडे, बोगमाळोच्या वाटेवर फाटक नौदलाचं. आणि त्याच वास्कोकराला १ ऑक्टोबर २००२ आठवतो. नौदलाची दोन आयएल-३८ विमानं दाबोळीच्या आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले सगळे गेले, खाली जमिनीवरचेही काही जण गेले. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही. वरुणापुरी या नौदलाच्या वसाहतीतल्या मुली माझ्याबरोबर कॉलेजात होत्या. दामोदराच्या सप्ताहात त्या घरांतले लोक आमच्याच शेजारी उभे राहून टाळ धरायचे. अशा माणसाला विमानात उभं राहून सॅल्यूट ठोकायचा म्हणजे शेजारच्या काकांना हार घालण्यासारखं वाटतं.

पर्यटकांचं तसं नाही. त्यांना वर्दी वर्षातून एकदा दिसते. हेच पर्यटक म्हापशाच्या बाजारातून घेतलेली, फौजी वर्दीसारखी छापील चट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून येतात, हा भाग निराळा. जवानासारखा वेश करून आपण जवान आहोत असं भासवणं भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चड्डीतल्या माणसाला बघून कुणाचा तसा गैरसमज होणार नाही, हे त्याचं नशीब.

आता पिशवीची गोष्ट. कोचीची फ्लाइट. एक विशीतला खलाशी, पांढरीशुभ्र वर्दी, सकाळच्या परेडवरून कपडे न बदलता थेट आलेला. हातात कापडी पिशवी, तोंड सुतळीने आवळलेलं. मी विचारलं, आत काय? तो लाजला. ‘‘सुखी मछली है मॅडम. साब के घर से, उनके दोस्त के लिये.’’ गोव्यातून कोचीला सुके बांगडे! देवगडात आंबे नेण्यासारखं. मी म्हटलं, चांगलं पॅक कर रे बाबा, आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्या दिल्या.

गेटवर आम्ही फौजींना आधी बोलावतो. ही पद्धत एअर इंडियाने २०१७ च्या स्वातंत्र्यदिनापासून जाहीर केली तेव्हा तिची बरीच चर्चा झाली होती. घोषणा झाली, आणि हा पोरगा खांबाआड सरकला. शेवटी दोघातिघांनी त्याला पुढे ढकललं, आणि टाळ्या झाल्या. पुढचं मला क्रूने सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उठून आपली जागा त्याला दिली, पैसे मोजून घेतलेली, पाय पसरायची जागा. पुन्हा टाळ्या. पोरगा नको नको म्हणत बसला. पिशवी वरच्या कप्प्यात. विमान उन्हात उभं, एसी अजून धरलेला नाही. पाच मिनिटांत पहिल्या तीन रांगांनी नाकाला रुमाल लावले. पोरगा आपण होऊन उठला, पिशवी घेतली, आणि मागे आपल्या मूळच्या मधल्या सीटवर जाऊन बसला. जागा देणारे गृहस्थ लगेच परत पुढे आले. क्रूची मुलगी म्हणाली, ‘‘ताई, मागे गेल्यावर तो पहिल्यांदा टेकून बसला.’’

ही गोष्ट मी लग्नात सांगते तेव्हा लोक खूप हसतात आणि मग थोडे गप्प होतात. मला त्या गृहस्थांना हसायचं नाही. जागा त्यांनी मनापासून दिली होती. पण ती त्यांनी वर्दीला दिली, आणि वर्दीला वास नसतो.

खरी अडचण मे-जूनमध्ये दिसते. बदल्यांचा हंगाम. नवरा पुढे रुजू झालेला, सामान ट्रकने गेलेलं, आणि बायको दोन मुलांना घेऊन काउंटरवर. एकाच्या हातात शाळेचा दाखला असलेली फाइल, दुसऱ्याच्या काखेत कुंडी. हो, कुंडी, तुळशीची किंवा कढीपत्त्याची. सैनिक सवलत कुटुंबालाही असते, पण त्यासाठी तिचं अवलंबितांचं कार्ड लागतं, आणि ते नेमकं ट्रकमधल्या खोक्यात गेलेलं असतं. मग तिकिटातला फरक भरा. नियम माझा नाही, पण सांगायचं तोंड माझं. अशा बाईसाठी रांगेतल्या कुणी कधी टाळी वाजवलेली मी पाहिली नाही. उलट, ‘‘मॅडम, किती वेळ?’’ असं मागून येतं. एकदा मी एका बाईकडून फरकाचे पैसे घेतले आणि तिच्या मुलाच्या पायातल्या बापाच्या मापाच्या बुटांकडे बघून मला रात्री झोप लागली नाही. पैसे घेतले ते बरोबरच होतं. तरी.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती गावाकडे बोललेली चालत नाही. जुलै २०२५ मध्ये श्रीनगरच्या विमानतळावर केबिनच्या जादा सामानावरून वाद झाला आणि एका लष्करी अधिकाऱ्यावर विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना मारहाण केल्याचा गुन्हा नोंदला गेला. दोन बॅगा, १६ किलो, आणि मुभा सातची. व्हिडिओ देशभर फिरला. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही, कारण काउंटरच्या आतली ती मुलं आम्हीच होतो. घरच्या ग्रुपवर मात्र चुलतभावाने लिहिलं, ‘फौजीला सामानाचे पैसे मागायची हिंमत कशी होते?’ मी उत्तर टाइप केलं, पुसलं. वजनकाट्याला दर्जा कळत नाही. नियम मागण्यात अपमान वाटायला लागला, तर आदर करणाऱ्यांचंच काहीतरी चुकतंय असं मला वाटतं. आणि हे मी चीफ पेटी ऑफिसरची मुलगी म्हणून सांगते.

वर्दीतल्यांचा विमानप्रवास ही चैन समजणारेही भेटतात. त्यांना मी पुलवामाची आठवण देते. १४ फेब्रुवारी २०१९ ला रस्त्याने चाललेल्या ताफ्यात सीआरपीएफचे ४० जवान गेले, आणि आठवड्याभरात गृह मंत्रालयाने दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर मार्गांवर निमलष्करी दलांच्या सगळ्या जवानांना विमानाने जाण्याची मुभा दिली. तोवर शिपाई-हवालदारांना तो हक्क नव्हता. टाळ्यांपेक्षा ते तिकीट मोठं.

रांगेबद्दल गोवेकराचं मत तुम्हाला माहीत असेल. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असतानाही अर्ध्या बाह्यांच्या शर्टात विमानाच्या रांगेत उभे दिसायचे आणि लोक त्यांच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. इथे मोठेपण रांग मोडण्यात नाही, रांगेत मावण्यात मोजतात. पेडण्याच्या पठारावरचा मोपाचा नवा विमानतळ त्यांच्याच नावाचा, जानेवारी २०२३ पासून सुरू. माझं काम आता तिथे, वास्कोहून भल्या पहाटेची बस. मोपाला नौदल नाही. पण सिंधुदुर्ग लागून असल्यामुळे सावंतवाडी, आंबोली, चौकुळकडचे जवान सुट्टीला तिथेच उतरतात. साध्या कपड्यांत, चकचकीत बुटांत. बाहेर मामा किंवा भाऊ टेम्पो घेऊन उभा असतो, आणि तो पहिला प्रश्न विचारतो, ‘‘जेवलंस?’’

आण्णा मागच्या वर्षी पुण्याला दवाखान्यासाठी माझ्याबरोबर विमानाने आले. गेटवरच्या मुलीने मला खूश करायला घोषणा केली, ज्येष्ठ माजी सैनिक आधी. आण्णा जागचे हलले नाहीत. ‘‘आपली रांग कितवी?’’ सतरावी, मी म्हटलं. ‘‘मग सतरावी बोलावू देत.’’ पायात सपाता होत्या.

या डिसेंबरात गावी गेले तर आत्याचा नातू अग्निवीर म्हणून भरती झालेला, पहिल्या सुट्टीला गोव्यामार्गे येणार. आत्याने मला बाजूला घेतलं. ‘‘पोरी, त्याला सांग वर्दी घालून विमानात बस म्हणून. खिडकीची जागा देत्यात म्हणं.’’ मी म्हटलं, आत्या, कार्ड जवळ ठेवायला सांग आणि चपला घालून ये म्हणावं, आठ तासांचा प्रवास आहे, पाय सुजतात. खिडकीची जागा मी बघते.

आत्या विचारात पडली. ‘‘ते खरं गं. पर मग यष्टी स्टँडवरच्या बॅनरला फोटू कुठला लावायचा?’’