तुम्ही विचारलंत म्हणून: सोलरच्या कामाला आपली पोरं का दिसत नाहीत

लग्नात विचारतात, कदंबाच्या, म्हणजे आमच्या गोव्याच्या सरकारी बसमध्ये विचारतात, चवथीला आलेले पाहुणे विचारतात, परवा तर दातांच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं असताना विचारलं. टीचर, तुम्ही सोलरचा कोर्स शिकवता ना, मग आमच्याकडे पॅनल बसवायला आले ते सगळे झारखंड-ओडिशाचे कसे, आपली पोरं कुठं असतात? आणि मी काही बोलायच्या आत उत्तरही स्वतःच देतात, आपल्या पोरांना सरकारी नोकरी पाहिजे, उन्हात काम नको. आता एकदाच लिहिते, यापुढे विचारणाऱ्याला हेच वाचायला देईन.

सरकारी नोकरीचं वेड आहे, नाही कोण म्हणतं. पण माझ्या वर्गात डिचोली-सत्तरीची, म्हणजे गोव्याच्या खाणपट्ट्यातली पोरं जास्त. कोणाच्या घरी खाणीवर चालणारा ट्रक होता, कोणाचा बाप मशीनवर होता. २०१२ ला खाणी बंद, मग चालू, २०१८ ला परत बंद. दारातला ट्रक हप्त्यासकट गंजताना ज्यांनी शाळेत असताना बघितलाय ती पोरं पगाराची खात्री मागतात, याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि काम कसलं आहे तेही बघा. २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० सबसिडी, तेव्हापासून कॉन्ट्रॅक्टरांचे फोन वाढले, खरं आहे. पण तीन किलोवॅट म्हणजे सहा पॅनल, एकेक अठ्ठावीस किलोच्या आसपास, तीन-चार माणसं दोन-तीन दिवस राबली की संपलं, पुढचं घर. जूनला पाऊस लागला की छपरावरचं काम बसतं, 'पाऊस गेला की फोन करतो' असं सांगून पोरांना घरी पाठवतात, बिनपगारी. सूर्यमित्र नावाचा सरकारी कोर्स २०१५ पासून आहे, ६०० तासांचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन-वायरमन वगैरे झालेल्यांसाठी. चांगला कोर्स आहे. पण तो करून आलेल्याला आणि नुसते पॅनल उचलणाऱ्याला एकच हजेरी देणारे कॉन्ट्रॅक्टर मी बघितलेत, मग सर्टिफिकेटचं करायचं काय?

हे सगळं मी लोकांना सांगतेच. सांगत नाही ते एका पोराचं.

सत्तरीचा पोरगा, आयटीआय झालेला. क्रिंपिंगला, म्हणजे वायरचं टोक कनेक्टरमध्ये दाबून घट्ट बसवायला, त्याच्यासारखा हात मी फार कमी बघितलाय. पॅनलची वायर कनेक्टरमध्ये सैल राहिली तर तिथं तापतं आणि पॅनलच्या डीसी करंटचा आर्क, म्हणजे सलग पेटती ठिणगी, एकदा पेटला की सहज विझत नाही, घरच्या एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो तसा हा येत नाही. सहा पॅनल सिरीजमध्ये, एकामागे एक जोडले, म्हणजे तीनशे व्होल्टच्या आसपास, आणि ऊन आहे तोवर पॅनल बंद करायला बटण नाही. हे मी सगळ्यांनाच शिकवते, तो मात्र प्रत्येक जॉइंट ओढून बघायचा, दुसऱ्यांचे सुद्धा. त्याला एका कॉन्ट्रॅक्टरकडे लावला.

मे संपत आलेला, पेडण्याकडं दुमजली घर, वर पत्रे. आदल्या रात्री वळवाचा पाऊस पडून गेलेला, पत्रे निसरडे, आणि मधेमधे उजेडासाठी घातलेले प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे, त्यावर पाय पडला की माणूस सरळ खाली. यानं सेफ्टी बेल्ट मागितला. सुपरवायझर म्हणाला बेल्ट दुसऱ्या साइटच्या गाडीत आहेत, आज असंच चढ. हा म्हणाला नाही चढत. भांडला नाही, खाली बसून पॅनलच्या सांगाड्याचे बोल्ट निवडून ठेवत राहिला. बाकीचे चढले, संध्याकाळपर्यंत काम संपलं, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी याला येऊ नको म्हणून सांगितलं.

कोणी पडलं नाही हे चांगलंच झालं, त्यांनाही घरी बायकापोरं आहेत. पण कोणी पडलं नाही म्हणूनच हा नखरेबाज ठरला. कॉन्ट्रॅक्टरचा मला फोन, "टीचर, काम करणारे पाठवा, ऑफिसर नको." आणि दोन दिवसांनी बाप सेंटरवर आला. पाणी दिलं ते घेतलं नाही. म्हणाला, "सगळे चढले, तुमचा एकटाच का नाही चढला?" स्वतःच्या पोराला तुमचा म्हणाला. मी म्हटलं, मी शिकवलंय तसं. तर म्हणाला, "मी खाणीवर काय बेल्ट बांधून चढलो? तुम्ही शिकवलंत ना, मग पगार पण तुम्हीच द्या."

त्या संध्याकाळी मी पोराला फोन करून बरोबर केलंस म्हणून सांगितलं, छाती फुगवून. आज सांगेन का? तेव्हाची मी म्हणते, यात विचार कसला करायचा, मेलेल्याला हजेरी नसते. आत्ताची मी म्हणते, तुझा पगार एक तारखेला येतो बाई, तुला बोलायला काय जातं. मग आम्ही पास होणाऱ्याला बेल्ट द्यायला सुरुवात केली, पण अडकवायला वर अँकरच, म्हणजे छपराला पक्की बसवलेली कडीच, नसेल तर तो बेल्ट म्हणजे गळ्यातला ताईत. अँकर लावायला अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कुठल्याच कोटेशनमध्ये नसतात. म्हणजे मी पोरांना नाही म्हणायला शिकवते आणि बाजार हो म्हणणारा शोधतो. आणि तो हो म्हणणारा झारखंडचा पोरगा, त्याला बेल्ट होता का, हे आजवर मला एकानंही विचारलेलं नाही.

तो पोरगा आता वेर्ण्याला औषधाच्या फॅक्टरीत मेंटेनन्सला आहे, शिफ्टमध्ये, बरं चाललंय म्हणतो. आमच्या रजिस्टरात मात्र तो अजून सोलरमध्येच 'प्लेस्ड' आहे. नोंदीला लागतात तेवढे महिने त्यानं तिथं भरले होते.

मला विचाराल तर आपल्या पोरांना टिकाऊ काम सर्व्हिसिंगमध्ये आहे. किनाऱ्याकडं खाऱ्या वाऱ्यानं बोल्ट गंजतात, शेजारचा माड वाढून पॅनलवर सावली टाकतो आणि युनिट का कमी येतात ते घरवाल्याला कळत नाही, अर्थिंग तर कोणी बघतच नाही. हे बारा महिन्यांचं काम, गावातल्या गावात. मागे म्हापशाच्या एका बाईंनी हाच प्रश्न विचारला, आपली पोरं कुठं म्हणून, तर मी म्हटलं देते ना, वर्षाचं सर्व्हिसिंग लावा. किती घेईल म्हणाल्या. आकडा सांगितला. तर म्हणतात, "अगं बाय, एवढ्यात ते बाहेरचे दोनदा येऊन जातील."