पीसीएलला चांदीची कल्हई

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला प्रोजेक्ट मिळाला तो जखमेवर लावायच्या पट्टीचा. पीसीएल या शरीरात सावकाश विघटित होणाऱ्या पॉलिमरचे नॅनोतंतू काढायचे आणि त्यांवर चांदी चढवायची. चांदीचे आयन जिवाणू मारतात, म्हणून. मला वाटलं, तंतू काढणंच काय ते अवघड.

ते महिन्याभरात जमलं. सिरिंजमध्ये द्रावण, सुईला १५ किलोव्होल्ट, समोर १५ सेंटीमीटरवर फॉइल. विजेच्या ओढीने सुईच्या टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून धार सुटते आणि हवेतच सुकते. जुलैच्या दमट हवेत मात्र तंतूंवर बारीक खड्डे पडायचे. एसी लावून खोली कोरडी केली, तेव्हा कुठे ४००-५०० नॅनोमीटरचे गुळगुळीत तंतू हाती आले.

खरा छळ पुढे होता. आधी स्पटरिंग, म्हणजे निर्वातात चांदीचे अणू उडवून थर देणं. घाईत एका दमात जाड थर द्यायला गेले आणि पट्टी तापली. पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळतं हे परीक्षेपुरतं पाठ होतं! सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तंतूंच्या जागी गिचका झालेल्या शेवया. मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून पाहिलं. द्रावण अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळलं. जी थोडी चांदी बसली, ती धुताना गेली.

मॅडमनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "अगं, कल्हईवाला कथील लावण्याआधी भांड्यात काय टाकतो?"

नवसागर! त्याने भांडं स्वच्छ होतं, मग कथील धरतं.

आमचा नवसागर म्हणजे पॉलिडोपामाइन, डोपामाइन या रसायनापासून बनणारा चिकट थर. शिनाणे हे शिंपले ज्या प्रथिनांच्या जोरावर समुद्रातल्या खडकाला घट्ट धरून बसतात, त्यांवरून अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ साली ही युक्ती मांडली. पीएच ८.५ च्या द्रावणात डोपामाइन घालून पट्टी रात्रभर ठेवली. सकाळी ती कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. हा थर चांदीच्या आयनांचं स्वतःच धातूत रूपांतर करतो आणि धरूनही ठेवतो.

हुरळून पट्टी चोवीस तास सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवली. जिवाणू मेले, आणि ज्या पेशींना वाचवायचं त्याही मेल्या. वेळ दोन तासांवर आणली. मग जिवाणू वाढवलेल्या प्लेटवर पट्टीभोवती जिवाणूंविना स्वच्छ कडं दिसलं आणि पेशीही जगल्या.

व्हायव्हाला गेले तेव्हा बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग तसेच होते. ग्लोव्ह्जचा कंटाळा, दुसरं काय!