९१, ९५ की ९८? टायमिंगच्या आकड्यांतून ऑक्टेनची निवड

सध्या दोन गाड्यांवर एकाच प्रश्नाचं काम चालू आहे. एक छोटी टर्बो कार, डायरेक्ट इंजेक्शन, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०:१. दुसरी कार्ब्युरेटरवाली जुनी एअर-कूल्ड मोटरसायकल, ९:१. कुठल्या इंजिनाला किती ऑक्टेन (पेट्रोलचा ९१, ९५ असा आकडा, नेमका अर्थ खाली) खरोखर लागतं आणि त्याच्या वरचं पेट्रोल भरून काही पदरात पडतं का, हे मला मोजून बघायचं आहे. ‘प्रीमियम टाकलं की गाडी हलकी पळते’ हे आपण सगळेच ऐकतो. पण ते ऐकून टाकी भरणं मला पटत नाही.

सुरुवात मॅन्युअलपासून. कारच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे आहेत: किमान ९१, शिफारस ९५, दोन्ही रॉन, म्हणजे ‘रिसर्च ऑक्टेन नंबर’. किमान म्हणजे त्याखाली जायचंच नाही. शिफारस म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद हवी असेल तर हे भरा. एखाद्या मॅन्युअलमध्ये ‘किमान ९५’ एवढंच लिहिलेलं असेल तर तिथे प्रयोग करूच नका.

आकडा कुठल्या पद्धतीचा आहे हेही बघायलाच हवं. रॉनची चाचणी ६०० आरपीएमवर होते. मॉनची, म्हणजे ‘मोटर ऑक्टेन नंबर’ या दुसऱ्या पद्धतीची, ९०० आरपीएमवर, तापवलेल्या मिश्रणावर. ती जास्त कडक, म्हणून तिचा आकडा साधारण ८ ते १० ने कमी येतो. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथलं ८७ हे साधारण ९१ रॉनच्या जवळ जातं. परदेशी मंचांवर ‘माझी गाडी ८७ वर मस्त चालते’ असं वाचून घाबरू नका, आणि हुरळूनही जाऊ नका.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, त्याला नॉकिंग म्हणतात. ते किती रोखून धरता येतं याचं माप म्हणजे ऑक्टेन. मोजपट्टीवर आयसो-ऑक्टेन १०० आणि एन-हेप्टेन ०. ९५ रॉनचं पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच नॉकिंगला तग धरणारं. इथेनॉलचंच बघा ना: रॉन १०० च्या बराच वर, पण एका लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी.

आता कारच्या नोंदी. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून आरपीएम, इंजिन लोड, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि इग्निशन टायमिंग असे चार आकडे रेकॉर्ड करतो. टायमिंग म्हणजे पिस्टन वर टोकाला पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते; आकडा मोठा म्हणजे ठिणगी लवकर. नॉकमुळे टायमिंग किती मागे घेतलं, हा थेट आकडा ओबीडीच्या सर्वसाधारण यादीत नसतो. कंपनीनुसार वेगळा शोधावा लागतो. म्हणून मी तोच चढ, तिसरा गिअर, १८०० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल, अशी ओढ घेतो आणि समान लोडवरचं टायमिंग शेजारी शेजारी ठेवतो. पेट्रोल बदलताना टाकी जवळपास रिकामी करून भरतो. अर्धी ९१ आणि अर्धी ९५ असेल तर साधारण ९३ च मिळतं, आणि मग तुलनेला काही अर्थ उरत नाही. शिवाय इसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) नवं पेट्रोल ओळखायला वेळ लागतो, त्यामुळे भरल्या भरल्या घेतलेल्या ओढी मी धरतच नाही.

२५०० आरपीएमला, पूर्ण लोडवर, ९१ वर टायमिंग ८ अंशांच्या आसपास राहतं. ९५ वर ते ११ ते १२ अंशांपर्यंत जातं. म्हणजे ९१ वर इसीयू ठिणगी उशिरा देऊन इंजिन सांभाळतोय. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर धातूची थरथर टिपतो आणि कानाला काही कळायच्या आत टायमिंग मागे घेतलं जातं. इंजिन सुरक्षित राहतं, पण ठिणगी उशिरा पडली की ज्योतीचा दाब पिस्टनला नीट ढकलत नाही, ताकद जाते आणि एग्झॉस्ट जास्त तापतो.

सगळ्यात बोलकी नोंद मात्र उन्हातली आहे. रहदारीत अडकून इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) तापला, आतली हवा ६० अंश सेल्सियसच्या वर गेली, आणि त्याच चढावर ९१ चं टायमिंग आणखी खाली घसरलं. ९५ चंही घसरलं, पण बरंच कमी. थंड सकाळी सपाट रस्त्यावर संथ चालवताना दोन्हींत काहीच फरक दिसत नाही, कारण हलक्या लोडवर नॉकिंगच्या सीमेजवळ इंजिन जातच नाही. ‘मला तर काही फरक वाटला नाही’ म्हणणारेही खरं बोलतात. ते तशा परिस्थितीत गाडी चालवतात, एवढंच.

९८ चा निकाल एका ओळीत: ९५ च्या तुलनेत टायमिंग तिथेच. या गाडीच्या मॅपमध्ये (इसीयूमधल्या टायमिंगच्या तक्त्यात) त्यापुढे जायला जागाच नाही.

मोटरसायकलवर सेन्सर नाही, त्यामुळे कान आणि स्पार्क प्लग. ९१ भरून वरच्या गिअरमध्ये मुद्दाम कमी वेगात चढ घेतला. डब्यात खडे हलवल्यासारखा तो कोरडा आवाज आला नाही. मग प्लग काढून भिंगाखाली धरला. नॉकिंग होत असेल तर पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे चमकणारे बारीक कण दिसतात. इथे चिनी माती एकसारखी फिकट तपकिरी, एकही ठिपका नाही. टायमिंग ठरलेलं आहे, ते स्वतःहून पुढे सरकणार नाही, त्यामुळे ९५ भरून या इंजिनाला मिळण्यासारखं काही नाही. तिला ९१ कायम.

कारला ९५ ठरलं. पुढचं काम कार्बनचं. पिस्टनवर आणि हेडमध्ये थर साचला की जागा कमी होऊन कॉम्प्रेशन वाढतं, तापलेले ठिपके तयार होतात आणि इंजिनाची ऑक्टेनची गरज वाढते. बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून बघितलं तर पिस्टनच्या माथ्यावर बऱ्यापैकी काळा थर आहे. तो साफ करून ९१ च्या ओढी पुन्हा घेणार आहे. टायमिंग ८ च्या वर किती चढतं, ते पुढच्या नोंदीत टाकतो. कुणी आपल्या टर्बो गाडीवर सफाईच्या आधीचे आणि नंतरचे आकडे घेतले असतील तर हवेच्या तापमानासकट द्या. तापमानाशिवायचे आकडे जुळवता येत नाहीत.