१२-१३चा पाना

रविवारी दुपारी गाडीची चेन कव्हरला घासून कटकट करायला लागली, म्हणून पार्किंगमध्ये पाट टाकून बसलो. पाट बघून वॉचमननं विचारलं, "साहेब, पूजा आहे का?"

गाडीबरोबर आलेली रेक्झिनची पिशवी उघडली. त्यातली पक्कड पत्र्याची आणि पाने असे की नट सुटायच्या आधी तेच वाकतील. मग भाच्यानं आग्रह करकरून घ्यायला लावलेला ४६ नगांचा गोटीसेट काढला, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या गोट्या आणि त्या फिरवायचा दांडा. डबा देखणा आहे, वाद नाही. पण वर्षभरात ८, १०, १२ आणि १४च्या गोट्या सोडल्या तर बाकीच्या मंडळींना अजून ग्रीसचा वाससुद्धा लागलेला नाही.

घरी गाडीचं किरकोळ काम करायला काय काय घ्यावं, असं कुणी विचारलं की मी आधी काय घेऊ नये ते सांगतो. स्क्रू पाना, म्हणजे ज्याचं तोंड स्क्रू फिरवून लहानमोठं करता येतं तो, घेऊ नये. तो नटावर दोनदा निसटला की नटाचे सहाही कोपरे जातात आणि पुढचं काम छिन्नी-हातोडीचं. आमच्या शेजाऱ्यांकडे एकच हत्यार आहे आणि ते हेच. त्यांना बघून मी पिशवीची चेन लावून घेतो. बाकी फिक्स पान्यांचा सेट, प्लगपाना, एक चपटा आणि एक स्टार स्क्रूड्रायव्हर, एलन की, बरी पक्कड, पॉलिश पेपरचा तुकडा. झालं.

माझा सेट बाबांचा आहे. त्यांच्या जुन्या पँटच्या कापडाची पिशवी आईनं शिवली, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा. खंडेनवमीला पाने रॉकेलनं धुवायचे, पाटावर ओळीनं मांडायचे, हळदकुंकू, झेंडू. मांडायचं काम माझं, आणि बाबा एकेका पान्याच्या दोन तोंडांची मिलिमीटरमधली मापं पाढे म्हटल्यासारखी सांगणार: सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा... अठरा-एकोणीस, वीस-बावीस. एकवीस कुठे गेला, म्हणून मी एकदा हटून बसलो होतो. बाबांनी प्लगपाना उचलून ओळीच्या शेवटी ठेवला. "हा घे एकवीस."

तेव्हा घरात चेतक होती. सकाळी ती एका बाजूला आडवी करायची, चार किका मारायच्या, नाही झाली की प्लग काढून घासायचा. बाबा ऑफिसात काळ्या नखांनी जायचे. चेतक आकुर्डीत बनलेली असली तरी जात व्हेस्पाची, म्हणजे मूळ इटलीचं. माझी गाडी जपानी वळणाची. हे इतकी वर्षं नुसतं माहीत होतं. परवा पाटावर बसल्यावर हातात आलं. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला युरोपात १३चं डोकं असतं, जपानी गाड्यांत १२चं. चेतकच्या चाकाचे नट तेराचे. माझ्या गाडीला तेरा कुठेच लागत नाही, बारा लागतो. आणि पाना एकच, १२-१३चा. उलटसुलट करून पाहिला. तेराचं तोंड फाकलंय, कडा घासून गुळगुळीत. बाराच्या तोंडावरचं पॉलिश अजून शाबूत. त्यात स्वतःचा चेहरा दिसत नाही, पण दिसावा अशा बेतानं मी तो बराच वेळ धरून बसलो. वॉचमन दोनदा येऊन गेला.

चेन खालून बोटानं उचलली. दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक, ही पार पाळण्यासारखी झुलत होती. मागच्या चाकाचा मोठा नट सैल केल्याशिवाय इलाज नव्हता. अठरा-एकोणीसचा कप्पा रिकामा.

वर गॅलरीत बाबा खुर्ची टाकून बसले होते. चेतक विकून आता पंधरा वर्षं तरी झाली असतील.

"बाबा, अठरा-एकोणीस कुठाय?"

त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडलो. ते थोडे वाकले, कठड्यावरून पिशवीकडे बघितलं.

"तेराचा आहे ना?"

"आहे."

"मग झालं," म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.