सासूबाईंच्या आजोबांचे गाव

माझ्या सासूबाई न्यू जर्सीच्या असल्या तरी त्यांचे आजोबा दक्षिण इटलीतील बासिलिकाता प्रांतातले. म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघी मातेराजवळच्या त्या गावी गेलो. नेपोलियनच्या राजवटीत, म्हणजे १८०९ पासून, त्या भागात जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नागरी नोंद होऊ लागली. नगरपालिकेतल्या जाडजूड वहीत आजोबांच्या वडिलांच्या नावाआधी ‘फु’ असे लिहिलेले होते. वडील हयात नसल्याची ती खूण, आपल्या ‘कै.’सारखीच. पणजीचे मात्र माहेरचेच आडनाव, कारण तिकडे लग्नानंतरही बाईची नोंद त्याच नावाने होते. आपल्याकडे अशी रीत असती तर माझ्या आजीचे माहेर शोधताना एवढी दमछाक झाली नसती!

मातेरातल्या गुहाघरांतील कुटुंबांना १९५२ च्या कायद्यानंतर नव्या वस्तीत हलवण्यात आले. तिथे एका दुकानात लाकडी शिक्के मांडलेले होते. सामाईक भट्टीत आपला पाव ओळखू यावा, म्हणून प्रत्येक घर कच्च्या कणकेवर आपली अक्षरे उमटवी. सासूबाईंनी आजोबांच्या आद्याक्षरांचा शिक्का शोधला; तो नव्हता. मग त्यांनी कोरा शिक्का घेतला.