तुम्ही विचारलंत म्हणून: मिशनच्या शाळेत पोरांचं काय करतात?

ॲडमिशनचे दिवस आले की बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी गाठतंच. आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, तुमच्या शाळेत पोराईले किरिस्ताव करतात म्हणते, खरं काय?" मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कॅथलिक मिशनच्या हायस्कुलात गणित शिकवते. माझ्या घरी गणपती बसतो. तेव्हा एकदाच सविस्तर सांगते.

नाही करत. राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. खुद्द कॅथलिक चर्चचंही तेच म्हणणं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, 7 डिसेंबर 1965 ला धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यात श्रद्धेची जबरदस्ती नको असं स्वच्छ म्हटलंय.

प्रार्थना मात्र रोज होते, त्यात लपवायचं काय? ज्या गावांत संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना चालते, तिथल्या पोरांना हात जोडून रांगेत उभं राहणं नवं नाही. शनिवारी पसायदान असतं. पोरं दोन्ही सारख्याच बेसूर म्हणतात. 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की कॅथलिक मुलं मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जातात, कारण तो मारियामातेच्या स्वर्गारोहणाचाही सण. बाकीची जिलेबी खाऊन घरी.

टाइमटेबलात एक तास वेगळा असतो. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला जातात, उरलेली मूल्यशिक्षणाला. आमच्याकडे कॅथलिक मुलं बोटांवर मोजण्याइतकी: कुणाची आई नर्स, कुणाचे वडील कोळसा खाणीत. मोठा गट माझ्या वाट्याला येतो आणि खरं सांगू, मला तिकडचा हेवा वाटतो. तिकडे वही असते, परीक्षा असते, कुणाची दृढीकरणाची, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या चर्चमधल्या विधीची तयारी चाललेली असते. इकडे मी प्रामाणिकपणावर बोलतेय आणि मागच्या बाकावर माझ्याच गणिताचा गृहपाठ उतरवून घेणं चालू.

मूल्यं शिकलीच तर पोरं वर्गाबाहेर शिकतात. शाळेतल्या सिस्टर, म्हणजे नन, नववीच्या मुलांना गावात नेतात. निराधार योजनेचे पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या स्लिपा भरायच्या, पासबुक वाचून दाखवायचं, एवढंच काम. एका पोराला वर्गात सरळव्याज काही केल्या जमेना. तो एका आजीशेजारी ओट्यावर बसून सांगत होता, "आजी, शेकडा दोन महिन्याचं हाय. म्हंजे वर्षाले चोवीस झाले ना!" आजीनं बचत गटाचं कर्ज घेतलेलं. तिनं त्याला पुन्हा पुन्हा हिशेब करायला लावला आणि त्यानं न कंटाळता केला. तिथं फळाही नव्हता आणि मीही दूर उभी होते. पुढच्या चाचणीत त्यानं तेच उदाहरण सोडवलं, अक्षर मात्र तसंच गिचमिड.

ख्रिस्ती उपवासकाळात वर्गात दानाचा डबा ठेवतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, चाळीस दिवस प्रार्थना, उपवास, दानधर्म अशी रीत आहे. पोरं कुरकुऱ्याचे पैसे वाचवून त्यात टाकतात. नेमकी त्याच सुमारास दहावीची परीक्षा असते, त्यामुळे दहावीवाले बहुतेक फक्त प्रार्थनेवर भर देतात.

सगळंच गोड आहे असं नाही. फोटोपुरता झाडू धरणं मला पटत नाही, आणि हल्ली ते वाढलंय. 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, पोरं खरंच नाल्या उपसतात. इतर दिवशी कॅमेरा आला की झाडू निघतो, कॅमेरा गेला की ठेवला जातो. आणि सोयाबीन सोंगणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा राहतो, तेव्हा शाळेच्या शिस्तीपुढे शेताची गरज जड ठरते. शाळेनं त्यावर अजून धड उपाय काढलेला नाही.

धर्माची चौकशी करता, खुशाल करा. पण फीची आधी करा. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागा आमच्यासारख्या अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये तसं ठरवलंय. म्हणजे त्या कोट्यातून इथं मोफत प्रवेश मिळेल या भरवशावर राहू नका. सवलत मिळते का, किती मिळते, हे ऑफिसात जाऊन लेखी विचारा, आणि गणिताला पूर्ण वेळ शिक्षक आहे का तेही विचारून घ्या.