गाणी खरंच एकसारखी झालीत का? मोजणीची वही, तिसरी फेरी

लोकप्रिय गाण्यांतलं वैविध्य काळाबरोबर घटलं का, हे संगणकाने मोजून पाहण्याची ही वही. या फेरीत नवा आलेख नाही. दुसऱ्या फेरीचा आलेख मोडून ठेवला आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच रेषेत आल्या होत्या.

"आजची गाणी सगळी सारखीच" या तक्रारीत मुळात दोन तक्रारी असतात. एक सरासरीची: गाणी पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजाची झाली, सुरावट सोपी झाली, लांबी कमी झाली. दुसरी पसाऱ्याची: एकाच वर्षातली गाणी एकमेकांपासून किती लांब आहेत? सगळी गाणी ६ डेसिबलने चढली तर सरासरी ६ डेसिबलने सरकते, पण गाण्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. वैविध्य म्हणजे हे दुसरं. वाद घालणारे बहुतेक वेळा पहिल्याचा पुरावा देतात आणि निष्कर्ष दुसऱ्याचा काढतात. या वहीत आता दोन्हींचे रकाने वेगळे आहेत.

छापून आलेल्या कामांनाही हीच चाळणी लावून पाहावी. २०१२ साली सेर्रा आणि सहकाऱ्यांनी मिलियन साँग डेटासेट या दहा लाख गाण्यांच्या माहितीसंचातली १९५५ ते २०१० ची ४,६४,४११ ध्वनिमुद्रणं तपासली. आवाजाची पातळी वाढली, स्वरांमागून स्वर येण्याचे मार्ग आक्रसले आणि नादरंगांची (एकाच सुराचा आवाज वाद्यागणिक वेगळा वाटतो, त्या गुणाची) विविधता साठच्या दशकानंतर कमी होत गेली, असं त्यांना दिसलं. यातली पहिली गोष्ट सरासरीची, उरलेल्या दोन पसाऱ्याच्या. २०१५ साली माउख आणि सहकाऱ्यांनी बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीतली सुमारे १७,००० गाणी घेतली, प्रत्येकाचा ३० सेकंदांचा तुकडा, १९६० ते २०१०. त्यांना सतत घसरण दिसलीच नाही. १९६४, १९८३ आणि १९९१ च्या आसपास तीन मोठे बदल दिसले, आणि वैविध्याचा तळ १९८६ च्या आसपास. त्यानंतर ते पुन्हा वाढलं. २०२४ साली हॅमिल्टन आणि पिअर्स यांनी १९५० ते २०२३ मधल्या अमेरिकी यादीतल्या दर वर्षीच्या पहिल्या पाच गाण्यांच्या सुरावटी पाहिल्या. सुरावटीची गुंतागुंत कमी होत गेलेली आढळली, १९७५ आणि २००० च्या सुमाराला ठळक बदल दिसले, पण दर सेकंदाला येणारे स्वर मात्र वाढले. हा निष्कर्ष मुख्यतः सरासरीचा आहे, त्याला पसाऱ्याच्या रकान्यात ढकलू नये.

पहिली दोन कामं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. पहिल्याने तपासलेली गाणी म्हणजे "जे जे जमा झालं ते", दुसऱ्याची "जे जे यादीत चढलं ते". हा फरक विसरला की पुढची सगळी मेहनत वाया जाते. ही वही यादीतल्या गाण्यांपुरती आहे, कारण प्रश्न लोकप्रिय संगीताचा आहे.

यादी म्हणजे फूटपट्टी नव्हे

हॉट १०० ही यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून आहे, म्हणून ती सोयीची. पण ती मोजण्याची रीत मधेच बदलत गेली. ३० नोव्हेंबर १९९१ पर्यंत दुकानं आणि रेडिओ केंद्रं काय कळवतात यावर क्रमवारी ठरायची. त्या तारखेपासून विक्रीची आणि प्रसारणाची प्रत्यक्ष मोजणी आली. आता माउख यांचा १९९१ चा टप्पा आठवा. रॅपचा उदय खराच आहे, पण तो यादीत नेमका कधी दिसू लागला, यात मोजणीच्या बदलाचा किती वाटा? हे वेगळं काढता येत नाही. त्यामुळे १९९० ते १९९३ हा पट्टा आलेखात करड्या रंगात ठेवला आहे. डिसेंबर १९९८ पासून सिंगल म्हणून विक्रीला न आलेली गाणीही यादीत येऊ लागली. २००५ मध्ये डाउनलोड धरले जाऊ लागले, २००७ पासून स्ट्रीमिंग. प्रत्येक तारखेला आलेखात उभी तुटक रेघ हवी. रेघेला चिकटून आलेली उडी संशयित समजायची.

स्ट्रीमिंगची मोठी भानगड म्हणजे अख्खा अल्बम एकाच आठवड्यात यादीत घुसतो. ५ नोव्हेंबर २०२२ च्या यादीत पहिले दहाही क्रमांक टेलर स्विफ्टचे होते. एकाच अल्बमची, बरीचशी एकाच हाताने घडलेली गाणी शेजारी शेजारी आली की त्या वर्षाचा पसारा आपोआप आखडतो. हा खोटेपणा नाही, लोक खरंच ते ऐकत होते. म्हणून दोन्ही हिशेब ठेवावेत: एकदा यादी जशी आहे तशी, एकदा प्रत्येक कलाकाराची वर्षाला जास्तीत जास्त दोन गाणी धरून. या दोन रेषांमधलं अंतर २०१० नंतर कसं फाकत जातं ते पाहण्यासारखं असतं. ते गाण्यांबद्दल कमी आणि वाटपाबद्दल जास्त सांगतं.

वर्षाला किती वेगळी गाणी यादीत येतात तेही स्थिर नाही. साठच्या दशकात हा आकडा फुगलेला, दोन हजारच्या सुरुवातीला आटलेला, स्ट्रीमिंगमध्ये पुन्हा वर. जास्त गाणी घेतली की जास्त प्रकार सापडणारच. उपाय साधा: प्रत्येक वर्षातून सारखीच ६० गाणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलायची, हे १,००० वेळा करायचं, आणि रेषेऐवजी ५ ते ९५ टक्क्यांचा पट्टा काढायचा. पट्टे एकमेकांवर चढत असतील तर "वाढलं", "घटलं" हे शब्द वापरायचे नाहीत. गाणं ज्या वर्षी पहिल्यांदा यादीत आलं ते त्याचं वर्ष, नाहीतर डिसेंबरची गाणी दोनदा मोजली जातात.

फायलींची साफसफाई

सर्वात जास्त वेळ इथे जातो आणि सर्वात जास्त चुकाही इथेच होतात.

फायलीच्या टॅगमधलं वर्ष बहुधा त्या आवृत्तीचं असतं, मूळ ध्वनिमुद्रणाचं नव्हे. १९६७ चं गाणं २००९ च्या रीमास्टरमधून (जुन्या मुद्रणाच्या नव्याने तयार केलेल्या आवृत्तीतून) आलं की टॅग २००९ दाखवतो. वर्ष यादीवरूनच घ्यावं, टॅगवरून कधीच नाही. शिवाय रीमास्टरमध्ये बऱ्याचदा लिमिटरने (शिखरं दाबणाऱ्या यंत्रणेने) आवाज दाबून चढवलेला असतो, म्हणजे साठच्या दशकाच्या नावाखाली दोन हजारचा आवाज मोजला जातो. शक्य तिथे जुनी सीडी आवृत्ती घ्यावी; नसेल तर त्या फायलीला वेगळी खूण करून आवाजाच्या चढउताराच्या हिशेबातून ती गाळावी. कॉर्डच्या हिशेबात ती चालते.

आवाजाची पातळी −२३ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आणली आहे, स्पॉटिफायच्या −१४ ला नाही. कारण हिशेबाचं आहे. एखादं जुनं गाणं −२० एलयूएफएसवर असेल आणि त्याचं शिखर −१ डेसिबलवर, तर −१४ गाठायला ६ डेसिबल चढवावे लागतात, शिखर +५ वर जातं आणि ध्वनी फाटतो. फाटलेल्या ध्वनीत जादा हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे नाद) येतात आणि नादरंगाचा हिशेब बिघडतो. एफएफएमपेग या ध्वनिफायली हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा लाउडनॉर्म फिल्टर एकाच फेरीत वापरू नये: तो गाण्याच्या आतला चढउतारही बदलतो आणि सँपल रेट (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने, तो आकडा) परस्पर १९२ किलोहर्ट्झला नेऊन ठेवतो. ईबीयूआर१२८ फिल्टरने पातळी मोजायची, फरक काढायचा आणि व्हॉल्यूम फिल्टरने तेवढाच आवाज कमी-जास्त करायचा. कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं.

नंतर सगळं २२,०५० हर्ट्झ, मोनो. यात ११,०२५ हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही, म्हणून १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला साधारण १६ किलोहर्ट्झवर बसणारी कात्री आपोआप निकालात निघते.

तुकडा कुठून घ्यायचा? ऑनलाइन दुकानं ऐकवतात ती नमुन्याची ३० सेकंदं बहुधा कोरसवरची असतात, त्यामुळे सगळीच गाणी भरगच्च वाटतात. इथे २५, ५० आणि ७५ टक्क्यांच्या खुणांपासून प्रत्येकी १० सेकंदं घेतली आहेत.

जुना खरखराट आणि नादाची जात

नादाचे तीन गुण आपण शिकतो: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. जाती म्हणजेच वरचा नादरंग. संगणकाला जाती कळावी म्हणून एमएफसीसी (नादरंगाचा ढोबळ आकार सांगणारे आकडे) काढतात: लिब्रोसा या पायथनच्या संचात १३ गुणांक, ५१२ सँपलची पावलं, म्हणजे दर पाऊल सुमारे २३ मिलिसेकंद. यातला शून्यावा गुणांक ऊर्जेचा, म्हणजे लहानमोठेपणाचा. तो टाकून द्यायचा आणि १२ ठेवायचे. तो राहू दिला तर आवाजाच्या पातळीचा फरकच नादरंगाचा फरक म्हणून मिरवतो.

खरा सापळा पुढे आहे. टेपची सरसर आणि तबकडीची खरखर प्रत्येक ध्वनिमुद्रणात वेगळी असते. यंत्राला तीही नादरंगच वाटते. परिणामी जुन्या दशकांचा पसारा फुगतो, आणि स्वच्छ डिजिटल मुद्रणं "एकसारखी" ठरतात. म्हणजे नुसता स्टुडिओ सुधारला तरी वैविध्य घटलेलं दिसेल! तपास असा: जुन्या गाण्यांच्या सुरुवातीच्या शांत जागांतून सरसरीचे २०-२५ नमुने कापायचे, आजच्या गाण्यांवर ते वेगवेगळ्या पातळीने चढवायचे, दोन्हींना १०० ते ७,००० हर्ट्झची चौकट घालायची आणि पसारा पुन्हा मोजायचा. एवढ्याने जो फरक मिटतो तो संगीताचा नव्हताच. ही चाचणी न केलेला कुठलाही नादरंगाचा आलेख, आपल्या दुसऱ्या फेरीचा धरून, विश्वासाचा नाही.

ऐंशीच्या दशकातली घसरण मात्र या चाळणीतून गेल्यावरही पटते, कारण तिच्यामागे यंत्रं आहेत. टीआर-८०८ आणि लिन एलएम-१ हे ड्रम मशीन १९८० चे, मिडी (वाद्ययंत्रं एकमेकांना जोडण्याची पद्धत) आणि यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर १९८३ चे. डीएक्स७ मधले कारखान्यातून येणारे आवाज असंख्य स्टुडिओंत जसेच्या तसे वापरले गेले. इथे सारखेपणा कानाला आणि यंत्राला एकच दिसतो.

कॉर्ड: नसलेल्या कॉर्डचं वैविध्य

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. आधी हार्मोनिक भाग (ठोके वगळून उरणारे सूर) वेगळा करायचा, मग ३६ भागांच्या सप्तकाने क्रोमा (कुठल्या स्वराचा किती जोर, त्याचा तक्ता), ठेक्यागणिक मध्यक, आणि २४ साच्यांशी जुळवणी: १२ मेजर, १२ मायनर. जुन्या टेपची गती पुढेमागे असल्यामुळे गाणं ४४० हर्ट्झच्या ट्यूनिंगवर नसतं. ते आधी अंदाजून दुरुस्त केलं नाही तर कॉर्ड दोन घरांच्या मधे लटकतो. मग पट्टी काढून सगळं एकाच षड्जावर फिरवायचं, कारण पट्टी वेगळी म्हणून गाणं वेगळं होत नाही.

साचे २४ च ठेवले की रॅपच्या गाण्यात घोटाळा होतो. तिथे कॉर्ड नाही, पण यंत्राला काहीतरी उत्तर द्यायचंच असतं, म्हणून ते वाटेल ते नाव देतं. टीआर-८०८ चा घसरत जाणारा बास तर दर ठेक्याला नवा मूळस्वर दाखवतो. निकाल: नव्वदनंतरच्या गाण्यांत कॉर्डचं वैविध्य अफाट! पंचविसावा, "कॉर्ड नाही" हा साचा हवाच, आणि जुळणी ठरावीक मर्यादेखाली असेल तर तोच द्यायचा. तिसरा स्वर नसलेले पॉवर कॉर्ड मेजर-मायनरमध्ये उगाच वाटले जातात, त्यांना सव्विसावा. तपासणीसाठी मॅकगिल विद्यापीठाच्या बिलबोर्ड संचातली हाताने लिहिलेली कॉर्डपत्रं उत्तम आहेत, पण ती १९५८ ते १९९१ चीच, म्हणजे जिथे यंत्र सर्वात जास्त चुकतं तिथली नाहीत. नंतरच्या काळातली निदान ४० गाणी कानाने लिहून काढण्याला पर्याय नाही.

लय या फेरीत जेमतेम. गती ७० की १४०, हा यंत्राचा जुना गोंधळ, म्हणून सगळं ७० ते १४० मध्ये दुमडलं आहे. माउख यांच्या कामातही स्वरसंगती आणि नादरंगच होते, ठेका वेगळा मोजलेला नव्हता. आजच्या गाण्यांत गायकाच्या बोलांची ठेक्यावरची मांडणी जी बदलली आहे, ती यातल्या एकाही रकान्यात पडत नाही.

आकडा कुठला लावायचा

प्रकारांची नुसती संख्या निरुपयोगी. समजा १०० गाणी, ५ प्रकार. प्रत्येकी २० असतील तर शॅननच्या एन्ट्रॉपीचा (वाटणी किती पसरली आहे, त्याच्या मापाचा) घातांक बरोबर ५ येतो. ८०, ५, ५, ५, ५ अशी वाटणी असेल तर तोच आकडा २.१८ होतो, आणि सिम्पसनच्या दुसऱ्या मापाचा व्यस्तांक १.५४. प्रकार दोन्हीकडे पाचच! शॅनन किरकोळ प्रकारांना थोडा मान देतो, सिम्पसन दांडगटांकडे पाहतो. दोन्ही छापावेत. प्रकार पाडताना के-मीन्सला (सारख्या गाण्यांचे गट पाडणाऱ्या पद्धतीला) सगळी गाणी एकत्र दिली तर ज्या दशकाची गाणी जास्त, त्याच्याच बाजूने बारीक भेद पडतात, म्हणून शिकवणीसाठीही दर वर्षाची सारखीच गाणी. गटांची संख्या ८, १३, २० आणि ४० अशी बदलून पाहावी. कल उलटला तर तो कल नव्हता. गटांवाचूनचा पर्यायही सोबत ठेवला आहे: वर्षातल्या गाण्यांच्या सगळ्या जोड्यांमधलं मध्यक अंतर. सरासरी अंतर नको, एखादं भलतंच गाणं तिला ओढून नेतं.

स्पॉटिफायने प्रत्येक गाण्यासाठी मोजून ठेवलेले तयार गुणांक वापरून झटपट उत्तर काढू पाहणाऱ्यांसाठी: २७ नोव्हेंबर २०२४ पासून नव्या ॲपना ती सोय बंद आहे. इंटरनेटवर फिरणारे जुने तक्ते मिळतात, पण त्यात वर्ष आवृत्तीचं असतं, म्हणजे वरचाच घोळ.

पुढच्या फेरीत सरसर चढवण्याची चाचणी सर्व दशकांवर, दोन गाण्यांच्या मर्यादेसह आणि मर्यादेविना. तोवर आलेखातला १९५८ ते १९७० चा नादरंगाचा भाग तुटक रेषेत राहील.